डिलीट केलेली फाईल खरंच जाते का?

४ जीबीची मूव्ही कॉपी करायला मिनिटं लागतात आणि डिलीट मात्र चुटकीसरशी होते, हे कधी खटकलंय का? खटकायला हवं, कारण खरंच ४ जीबी पुसायचे असते तर तेवढाच वेळ लागला असता. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर रिसायकल बिन रिकामा केला तरी फाईलमधल्या मजकुराला कुणी हातही लावत नाही. कुठली फाईल कुठल्या जागेवर ठेवलीय याची एक यादी डिस्कवर असते, पुस्तकाच्या अनुक्रमणिकेसारखी, आणि डिलीट म्हणजे त्या यादीत फक्त "ही जागा आता मोकळी" अशी खूण करायची. विंडोजच्या एनटीएफएस या फाईली साठवायच्या पद्धतीत या यादीला मास्टर फाईल टेबल म्हणतात. फॅट३२ ही अशीच दुसरी पद्धत वापरणाऱ्या पेन ड्राईव्हवर तर नावाच्या पहिल्या अक्षराच्या जागी एक ठरावीक बाईट लिहिला जातो, म्हणून रिकव्हरी सॉफ्टवेअरमध्ये कधीकधी फाईलची नावं पहिलं अक्षर उडालेली दिसतात.

त्यामुळे महत्त्वाचे फोटो चुकून उडाले तर पहिलं काम म्हणजे काहीही न करणं. मोकळी म्हणून नोंदलेली जागा कॉम्प्युटर कधीही दुसऱ्या फाईलला देऊ शकतो, आणि तुम्ही नुसतं ब्राउझर उघडून "फोटो परत कसे आणायचे" शोधत बसलात तरी मागे त्याच्या तात्पुरत्या फाईली लिहिल्या जात असतात. मेमरी कार्ड असेल तर कॅमेऱ्यातून लगेच काढा. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राईव्हवर इन्स्टॉल करू नका आणि सापडलेल्या फाईलीही दुसऱ्याच ड्राईव्हवर सेव्ह करा, यात बरेच जण चुकतात.

फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मला ते फार आवडतं. ते यादीकडे बघतच नाही, सरळ डिस्क वाचत जातं आणि ओळखीची सुरुवात शोधतं. जेपीईजी फोटो नेहमी एफएफ, डी८, एफएफ या तीन बाईट्सनी सुरू होतो, ते दिसले की इथे फोटो आहे असं धरून पुढचं उचलायचं. त्यामुळे फॉरमॅट झालेल्या कार्डवरूनही फोटो मिळू शकतात, फक्त मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत आणि फाईल तुकड्यातुकड्यांत साठवलेली असेल तर ती अर्धवट निघते.

आता हीच गोष्ट उलट्या बाजूने बघा. सिमसन गारफिंकल आणि अभी शेलाट या एमआयटीच्या दोघांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. चालू असलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२! बाकीच्यांत क्रेडिट कार्ड नंबर, वैद्यकीय माहिती, खासगी पत्रं, असं बरंच काही. विकणाऱ्यांनी मुद्दाम ठेवलं नसणार, त्यांना वाटलं की गेलं. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर सगळीकडे एकदा शून्य लिहिलं की काम होतं, विंडोज व्हिस्टापासून क्विक सोडून पूर्ण फॉरमॅट केला की हेच होतं. ३५ वेळा पुसा असा सल्ला अजून फिरतो, तो कॉम्प्युटर सुरक्षेचा अभ्यासक पीटर गटमनच्या १९९६ च्या पेपरमधून आलाय आणि त्या वेळच्या डिस्कसाठी होता, आताच्या डिस्कला त्याची गरज नाही हे गटमनने स्वतःच नंतर लिहिलंय.

एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारा ड्राईव्ह, आली आणि हे सगळं गणितच बदललं. तिथे भरलेल्या जागेवर थेट लिहिताच येत नाही, आधी अख्खा ब्लॉक (जागेचा एक मोठा गठ्ठा) पुसावा लागतो आणि त्याला वेळ लागतो, म्हणून विंडोज ७ पासून फाईल डिलीट झाली की ट्रिम नावाची कमांड जाते, "ही जागा आता नकोय", आणि ड्राईव्ह सवडीने ती साफ करतो. म्हणजे लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवरून उडालेली फाईल सॉफ्टवेअरने परत मिळण्याची आशा फार कमी, तिथे बॅकअप हाच उपाय. आणि वर गंमत अशी की मुद्दाम पुसायला गेलात तर तीही खात्री नाही, कारण सगळे ब्लॉक सारखे झिजावेत म्हणून ड्राईव्ह तुमचं लिखाण दुसरीकडेच नेऊन टाकतो आणि जुनी प्रत काही काळ तशीच पडून राहू शकते.

म्हणून एसएसडी विकायची वेळ येईल तेव्हा नाही, तर पहिल्या दिवशीच विंडोजमधल्या बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन चालू करा, म्हणजे सगळं किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात साठवलं जातं. मग पुसायची असते ती फक्त किल्ली, ती गेली की मागे उरलेल्या बाईट्सचा कुणाला काही उपयोग नाही. आताचे फोन आधीपासून एन्क्रिप्ट केलेलेच असतात, त्यामुळे फॅक्टरी रिसेटमध्ये ती किल्लीच नष्ट होते. फोनमधलं मेमरी कार्ड मात्र बहुतेक वेळा यात येत नाही, ते फोन देण्याआधी आठवणीने काढून घ्या.