दाण्यावरचं विष मुळात कोणासाठी?

जुलै-ऑगस्टात मुंबईतल्या कुठल्याही घरात शेंगदाण्याचा डबा उघडा. तळाशी दोन दाणे हिरवट-पिवळ्या बुरशीने माखलेले, आणि शेजारीच जाळी धरून बसलेली अळी. आई दोन्ही एकाच सुपातून पाखडून टाकते. पण एकाच दाण्यावर हक्क सांगणारे हे दोघे एकमेकांचे वैरी आहेत, हे कळायला बराच काळ गेला.

बुरशी किड्याला मारते, हे आधी रेशमामुळे उमगलं. 1835 मध्ये इटलीच्या अगोस्तिनो बास्सीने दाखवलं की रेशीमकिडे पांढरे पडून मरतात ते बुरशीच्या लागणीने. तीच आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळणारी बिव्हेरिया बॅसियाना. नावात बास्सी आहेच. 1879 मध्ये रशियन जीवशास्त्रज्ञ मेचनिकॉफने गव्हावरच्या भुंग्यांवर मेटारायझियम ही दुसरी बुरशी वापरून पाहिली. मुळं खाणाऱ्या हुमणी अळीसाठी शेतकरी आज तीच घालतात. पण हे झालं किडा मरण्याबद्दल. बुरशीच्या विषाने जिवंत किड्याचं काय होतं, तो प्रश्न वेगळा.

त्याला तोंड फुटलं टर्की कोंबड्यांमुळे. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या. कारण निघालं खाद्यातली ब्राझीलची शेंगदाणा पेंड. तिच्यावरच्या ॲस्परजिलस फ्लेवस बुरशीच्या विषाला नाव पडलं अफ्लाटॉक्सिन. मग 1967 मध्ये मात्सुमुरा आणि नाइट या संशोधकांनी ते किड्यांना देऊन पाहिलं, तर अंडी कमी पडली आणि पडलेल्यांतली कमी उबली. किडा मारायचा नाही, त्याचा वंश खुंटवायचा! थोड्या मात्रेतही अळीची वाढ रेंगाळते, कोष उशिरा धरतात, काहींतून प्रौढ किडा बाहेरच येत नाही.

कल्पना मोहक होती, औषध मात्र होणं शक्य नव्हतं. हे विष माणसाच्या यकृताला कर्करोग करतं. 1974 च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहालच्या आदिवासी गावांत भिजून ही बुरशी धरलेला मका खाऊन शंभरावर माणसं गेली. आणि दाणा भाजला की विष गेलं, ही घरोघरची समजूतही खोटी. भाजल्याने ते पूर्ण जात नाही.

मग बुरशी हे विष करतेच कशाला? 1977 मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झनने तर्क मांडला की अन्न नासवून टाकलं की दुसरा खाणारा फिरकत नाही. त्याचा पुरावा हाती यायला चाळीस वर्षं लागली. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी फळमाशीच्या अळ्या आणि हीच बुरशी एका खाद्यावर वाढवली. विष होतं तिथे अळ्या कमी जगल्या आणि बुरशी जास्त फोफावली.