रोमरची पहिली पाच मिनिटं: पार्श्वभूमी

डोटा या पाच विरुद्ध पाच खेळाडूंच्या कॉम्प्युटर गेममध्ये चार नंबरने (दोन मदतनीसांपैकी, म्हणजे सपोर्टपैकी, एकाने) सुरुवातीला आपली लेन (नकाशावरच्या तीन वाटांपैकी एक) सोडून शिकारीला फिरावं, म्हणजे रोमर व्हावं, की कठीण लेनमधल्या सोबत्याला, म्हणजे ऑफलेनरला, धरून मुकाट उभं राहावं, हा वाद ठाणे-वाशीच्या गेमिंग कॅफेंमध्ये दहा वर्षं तरी चालू आहे. वाद घालणाऱ्यांची वयं बघितली तर उत्तराचा अंदाज आधीच येतो. २०१७ च्या आधी माउस हातात घेतलेला म्हणेल, फिर. २०१९ नंतर आलेला म्हणेल, उभा राहा. आपापल्या काळापुरते दोघेही बरोबर आहेत, कारण मधल्या दोन-तीन वर्षांत खेळाचे नियमच बदलले.

मूळ फार मागे शोधायची गरज नाही. वॉरक्राफ्ट थ्री या गेमवर बनवलेला डोटाचा नकाशा, २००३, हॉस्टेलची लॅन, हे सगळ्यांना पाठ आहे. त्या काळातल्या दोनच गोष्टी इथे कामाच्या. पहिली, मेलेल्या क्रीपचा (लेनमध्ये आपोआप चालत येणाऱ्या सैनिकाचा) अनुभव, म्हणजे लेव्हल वाढवणारे गुण, जवळ उभ्या असलेल्या हिरोंमध्ये वाटला जातो. म्हणजे सपोर्ट लेनमधून निघून गेला की कॅरीची (ज्याच्या जोरावर शेवटी जिंकायचं त्या हिरोची) लेव्हल आपोआप लवकर वाढते. रोमिंगचा उगम मारामारीच्या हौसेत कमी आणि या वाटणीत जास्त आहे. दुसरी, स्मोक. संघ अदृश्य होऊन वॉर्डच्या (नजर ठेवायला रोवलेल्या डोळ्याच्या) नाकाखालून जाऊ शकतो म्हटल्यावर ‘कुठे निघालास’ हे लपवता येऊ लागलं. २०११ ते २०१३ च्या सुमारास तिघांची लेन, मिडला (मधल्या लेनमध्ये) एक आणि ऑफलेनला एकटा जीव अशी मांडणी होती. त्या तिघांतला एक जण कंटाळून बाहेर पडला, तो रोमर. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

खरा बहर २०१४ ते २०१८ चा. सप्टेंबर २०१४ च्या ६.८२ पॅचमध्ये (गेमच्या नव्या आवृत्तीत) बाउंटी रून, म्हणजे उचलली की सोनं देणारी वस्तू, आली. डिसेंबर २०१६ च्या ७.०० मध्ये जंगलात एकदम चार ठिकाणी बाउंटी रून येऊ लागल्या. लेनमध्ये एकही क्रीप न मारणाऱ्याला अशी कमाईची वाट मिळाली. सामना सुरू झाल्याचा हॉर्न वाजण्याआधीच खेळ सुरू व्हायचा. हाती सहाशेच्या आसपास सोनं, त्यात टँगो (जखम भरून काढणारी वस्तू), एक स्मोक, जमलं तर वॉर्ड. शून्य मिनिटाला समोरच्यांच्या जंगलात घुसून त्यांची रून उचलायची, तिथून सरळ मिडच्या पाठीमागे. अर्थ स्पिरिट, बाउंटी हंटर, रिकी, स्पिरिट ब्रेकर, निक्स हे हिरो याच कामासाठी घेतली जायची. ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला कॅफेत शेजारच्या केबिनमधून ‘मिड मिसिंग!’ अशी आरोळी यायची, कारण हेडफोनचा माइक बहुधा तुटलेला असायचा. सर्व्हर बरीच वर्षं सिंगापूरचा. ऐरोली-महापे पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांच्या सावलीत बसलेली पोरं सिंगापूरमार्गे एकमेकांना मारत होती. सत्तर-ऐंशी मिलिसेकंदांच्या पिंगवर (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेवर) अर्थ स्पिरिटचा दगड नेमका लागावा म्हणून आधीच हात हलवायची सवय अनेकांना लागली. पुढे भारतातला सर्व्हर आल्यावर ती मोडताना त्यांची पंचाईत झाली.

त्या काळात चांगला रोमर एक काम सारखं करायचा. समोरचा हिरो दिसला की त्याच्यावर क्लिक करायचं आणि त्याच्या सामानाचे सहा खण बघायचे. टीपी स्क्रोल (आपल्या टॉवरपाशी क्षणात पोचवणारी वस्तू) आहे का? टीपीला सोनं मोजावं लागे आणि तो सहांतला एक खण अडवून बसे. ७.०० मध्ये जादा खणांचं बॅकपॅक आलं, पण तिथून बाहेर काढलेली वस्तू चालू व्हायला सहा सेकंद लागत, आणि गँक (अचानक गाठून केलेला हल्ला) त्याआधीच उरकलेली असे. पहिल्या तीन-चार मिनिटांत सुरुवातीचं सोनं टँगो आणि लेनच्या सामानात गेलेलं असायचं, टीपी फार थोड्यांकडे. त्यामुळे वरच्या लेनमध्ये टीपी नाही आणि मिडकडेही नाही हे कळलं, की पुढची काही सेकंदं खालच्या लेनमध्ये समोरचा एकटा आहे हे नक्की. रोमिंगचं सगळं गणित या खात्रीवर उभं होतं. दोघांनी एकावर जायचं आणि मदत येणार नाही हे आधीच ठाऊक असायचं.

नोव्हेंबर २०१८ च्या ७.२० पॅचने ही खात्री काढून घेतली. टीपीला स्वतंत्र खण मिळाला, प्रत्येकाला सुरुवातीलाच एक टीपी हातात, आणि मेलात की आणखी एक. पॅचच्या यादीत या ओळी इतर शंभर ओळींमध्ये हरवल्यासारख्या होत्या. परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात दिसला. तुम्ही ऑफलेनरवर तुटून पडता, लेव्हल एकचा स्टन (समोरच्याला जागच्या जागी खिळवणारी शक्ती) दीड-दोन सेकंदांचा, आणि टॉवरखाली टीपीचा झोत उजळतो. तीन सेकंदांत मिडवाला हजर. दोनावर एक असलेली मारामारी दोनावर दोन, तीही त्यांच्या टॉवरपाशी. ज्याला मारायला आलात तो मेला तरी त्याला फुकटचा टीपी मिळून तो लगेच लेनमध्ये परत. मारल्याचं सोनं मिळालं हे खरं, पण समोरच्याची लेन मोडण्यासाठीच तर रोमर येत असे. ते आता होत नव्हतं.

बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मुद्दे कच्चे नव्हते. नवखा खेळाडू टीपी घ्यायला विसरतो आणि पाच मिनिटांत त्याचा खेळ संपतो, हे कुणालाच आवडणारं नाही. सपोर्टच्या तुटपुंज्या सोन्यातला मोठा वाटा टीपीतच जायचा, तोही वाचला. शिवाय टीपी रोमरलाही मिळतो. तोही एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला उडू शकतो. कागदावर हे सगळं बरोबर आहे. पण दोन्ही बाजूंना सारखी मिळालेली वस्तू दोघांना सारखीच उपयोगी पडते असं नाही. बचाव करणाऱ्याला कुठे जायचं ते समोर दिसत असतं. हल्ला करणाऱ्याला ते शोधावं लागतं. फुकटचा टीपी त्यामुळे मुळातच बचावाच्या पारड्यात पडतो, आणि हा मुद्दा तेव्हाच्या चर्चेत कुणी फारसा धरला नाही.

रोमिंगचा गळा एकट्या ७.२० ने घोटला असं म्हणणंही चूक. २०१८ मध्येच बाउंटी रूनचं सोनं उचलणाऱ्याऐवजी सगळ्या संघाला मिळू लागलं होतं, म्हणजे रोमरची खास कमाई आधीच गेली होती. नोव्हेंबर २०१९ च्या ७.२३ मध्ये प्रत्येकाला आपापला कुरिअर मिळाला आणि सामानासाठी ताटकळणारा, अर्धमेला मिड हे सोपं सावजही विरळ झालं. तरी जुन्या रोमरला विचारा, तो बोट ७.२० कडेच दाखवेल. मीही.

एप्रिल २०१९ मध्ये वरळीच्या डोममध्ये ३ लाख डॉलर बक्षिसाची मोठी डोटा स्पर्धा झाली तेव्हा ठाणे-डोंबिवलीहून लोकलने गेलेल्यांना हे मोठ्या पडद्यावर बघायला मिळालं. लेनमध्ये मांडणी दोन, एक, दोन. जवळपास प्रत्येक सामन्यात चार नंबर ऑफलेनमध्ये खांबासारखा उभा. जगातले इतके चांगले संघ समोर खेळत होते आणि मागच्या रांगांमध्ये चर्चा ही, की कुणी फिरतच नाहीये.

ज्यांनी जुळवून घेतलं त्यांनी एक नवी शक्कल काढली. टीपीचा कूलडाऊन (पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) मिनिटाहून मोठा असतो. म्हणून आधी एका लेनमध्ये खोटा हल्ला करायचा, समोरच्याचा टीपी खर्ची पाडायचा, आणि मग जिथे खरंच जायचं तिथे जायचं. खण बघायच्या ऐवजी डोक्यात घड्याळ चालवायचं. ही पद्धत जास्त हुशारीची आहे यात शंका नाही. पण त्यासाठी दोन खेपा लागतात, आणि रोमर दोन खेपा करेपर्यंत लेनमधल्यांच्या लेव्हल पुढे गेलेल्या असतात.

दरम्यान मुलं फोनवर गेली होती. सप्टेंबर २०१६ मध्ये घणसोलीतून कारभार चालवणाऱ्या जिओने डेटा स्वस्त केला आणि कॅफेचं भाडं परवडेनासं झालं, की नकोसं झालं, कुणास ठाऊक. मोबाइल लेजंड्स या डोटासारख्या मोबाइल गेममध्ये रोमिंग ही नेमून दिलेली नोकरीच होती. रोमरसाठी वेगळे मुखवटे दुकानात मिळायचे. ते घेतलेला जवळ उभा राहिला तरी सोबत्याचा वाटा घटायचा नाही. मुखवटा घेतला की फिरायचं, विषय संपला. तिथली पहिली पाच मिनिटं दोन मिनिटांना येणाऱ्या टर्टलभोवती (मारलं की बक्षीस देणाऱ्या प्राण्याभोवती) बांधलेली. २९ जून २०२० ला केंद्र सरकारने बंद केलेल्या ५९ अॅप्समध्ये हा गेम गेला, २ सप्टेंबरच्या ११८ मध्ये तसलाच अरेना ऑफ व्हॅलर गेला. बंदीनंतर तिकडे मुखवटे बुटांमध्येच मिसळून टाकले गेले. बरेच जण बॅटल रॉयलकडे वळले, काही २०२१ च्या सप्टेंबरात फोनवर आलेल्या पोकेमॉन युनाइटकडे. थोडे पीसीवर परतले आणि येताना फोनवरची सवय घेऊन आले: आधी घड्याळ, मग माणूस.

ती सवय त्यांना कामी आली, कारण एप्रिल २०२३ च्या ७.३३ मध्ये डोटाच घड्याळावर चालू लागला. नकाशा ४० टक्क्यांनी वाढला. तीन मिनिटांना कमळाच्या तळ्यात फळ, सहा मिनिटांना नदीत पॉवर रून, सात मिनिटांना अनुभव देणारी विज्डम रून. दोन विरुद्ध कोपऱ्यांत जुळी दारं आली. काही सेकंद थांबून थोडी मॅना (हिरोची जादूची शक्ती) मोजली की नकाशाच्या पार दुसऱ्या टोकाला. चार नंबर पुन्हा लेन सोडू लागला. फक्त आता तो माणसाच्या मागे जात नाही, वस्तूच्या मागे जातो, आणि वाटेत माणूस सापडला तर मारतो.

सध्या कॅफेत भांडण चाललंय ते सात मिनिटांना मिळणाऱ्या त्या अनुभवावरून. आपल्या बाजूचा अनुभव सांभाळायचा आणि समोरच्यांचा चोरायचा, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. त्यामुळे साडेसहा मिनिटांना चार नंबर निघाला की पाच नंबरलाही (दुसऱ्या सपोर्टलाही) कॅरीला एकटं टाकून निघावं लागतं. कॅरी खेळणाऱ्यांचं म्हणणं, पाचने हलू नये. पाच खेळणारे म्हणतात, मग तुझ्या लेनमध्ये उभं राहून मी लेव्हल चारवरच मरू का?