अल्फाफोल्ड म्हणजे सिम्युलेशन नव्हे

अल्फाफोल्ड हा प्रथिनांचे आकार ओळखणारा एआय प्रोग्राम बनवणाऱ्या डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हापासून एक वाक्य जिकडेतिकडे ऐकू येतं: 'प्रथिनाची घडी कशी पडते ते अल्फाफोल्ड संगणकावर करून दाखवतं.' नाही दाखवत. ते काम मॉलिक्युलर डायनॅमिक्सचं, म्हणजे एमडीचं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी; घड्या पडून ती ठराविक त्रिमिती आकार घेते. अल्फाफोल्डला साखळीतला क्रम दिला की तो आकार मिळतो. एमडीत प्रत्येक अणूवर किती बल लागतंय ते काढायचं, न्यूटनच्या नियमाने त्याला एक-दोन फेम्टोसेकंद (एक फेम्टोसेकंद म्हणजे मिलीसेकंदाचा हजार अब्जावा भाग) पुढे सरकवायचं आणि पुन्हा बल काढायला बसायचं. मिलीसेकंदभराची हालचाल हवी तर अशी निदान ५०० अब्ज पावलं. १९७७ मध्ये प्रथिनाचं पहिलं सिम्युलेशन झालं ते जेमतेम ९ पिकोसेकंदांचं, म्हणजे ९,००० फेम्टोसेकंदांचं. त्याच प्रथिनाचा मिलीसेकंद गाठायला २०१० उजाडलं, तेही खास याच कामासाठी बांधलेल्या 'अँटन' या यंत्रावर.

घोळ होतो तो वेळेपाशी. अल्फाफोल्डच्या गणितात वेळ नाही, तापमानही नाही. प्रयोगांतून ठरलेले हजारो आकार आणि वेगवेगळ्या सजीवांतले नातेवाईक क्रम यांवरून ते शेवटचा आकार ओळखतं. लग्नाचा फोटो पाहून वरात कुठल्या रस्त्याने आली ते कसं सांगणार? अल्फाफोल्डच्या आतल्या टप्प्यांचे आकार जोडून केलेले व्हिडिओ 'बघा, घडी पडतेय' म्हणून फिरतात, तेव्हा माझं डोकंच फिरतं. त्यात दिसतो तो अंदाज सुधारत जाताना. प्रथिन पेशीत त्या वाटेने जातं याला काडीचाही आधार नाही. ३७ अंशांना कुठला भाग हलतो, औषधाचा रेणू प्रथिनाच्या खाचेत टिकतो की निसटतो, हे प्रश्न एमडीलाच विचारायचे. अल्फाफोल्डच्या चित्रातला गडद निळा रंगही 'हा भाग घट्ट' असं सांगत नाही, अंदाजाची खात्री तेवढी सांगतो.

खरं तर दोघांचं छान जमतं. एमडीला सुरुवातीचा आकार लागतो. प्रयोगातून मिळालेला नसेल तर आता अल्फाफोल्डचा घेता येतो.

एमडीवाल्यांनीही फार मिरवू नये. अणूंमधल्या बलांची सूत्रं अंदाजीच असतात. तरी १०० नॅनोसेकंद (मिलीसेकंदाचा दहा हजारावा भाग) एकदाच चालवून 'प्रथिन स्थिर आहे' असा निर्वाळा देणारे शोधनिबंध येतच असतात. अणूंचे सुरुवातीचे वेग बदलून निदान तीनदा चालवा, मग बोलू.