पोटात गोळा येतो, तो मोजायचा कसा?

माझी मामेबहीण दोन वर्षं कणकवलीहून फोंडा घाटातून कोल्हापूरला मूल व्हावं म्हणून ट्रीटमेंटला जायची, पहाटेची एसटी आणि मांडीवर जाडजूड फाईल. एएमएच किती, म्हणजे अंडाशयात बीजं किती उरलीत त्याची रक्ततपासणी, फॉलिकल म्हणजे बीजाची पिशवी किती मिलिमीटरची, नवऱ्याच्या शुक्राणूंचा काउंट किती, सगळं आकड्यांत होतं. ती स्वतः कशी आहे हे तेवढं कुठेच नव्हतं. कोणी विचारलं तर "बरी आसंय", आणि आपल्याकडे या दोन शब्दांत काय काय मावतं ते तुम्हाला माहितीच आहे.

मग एकदा काउन्सेलरने दोघांना एकेक कागद दिला, १४ प्रश्न, पाच मिनिटांचं काम. याला हॅड्स म्हणतात, म्हणजे हॉस्पिटल अँग्झायटी अँड डिप्रेशन स्केल, १९८३ मध्ये झिगमंड आणि स्नेथ या मानसोपचारतज्ज्ञांनी बनवलेली प्रश्नावली. सात प्रश्न चिंतेचे, सात डिप्रेशनचे, प्रत्येकाला ० ते ३ मार्क. ७ पर्यंत ठीक, ८ ते १० काठावर, ११ किंवा जास्त आले तर तज्ज्ञाने समोर बसून नीट बोलायला हवं, कारण नुसत्या मार्कांवरून आजार ठरत नाही.

पण हीच का? पीएचक्यू-९ नावाची दुसरी प्रश्नावली खूप वापरतात, ती झोप, भूक, थकवा विचारते. आता जिला प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकावा म्हणून देतात ते हार्मोन, चालू आहे तिला त्या औषधानेच गळल्यासारखं होतं, झोप येते, पोट फुगतं, मग मार्क मनाचे वाढले की औषधाचे? हॅड्समध्ये असे शरीराचे प्रश्न मुद्दाम टाळलेत, डिप्रेशनचा भाग बराचसा एकाच गोष्टीभोवती फिरतो, पूर्वी ज्यात मजा यायची त्यात अजून येते का. मला हे वाचून एकदम गणपती आठवले, मध्यरात्रीपर्यंत फुगडीला सगळ्यांना ओढून उठवणारी ही मुलगी दोन वर्षं आरती झाली की आत जाऊन भांडी घासत बसायची, आणि आम्हाला वाटायचं किती कामाची आहे. फार वाईट वाटतं आता.

हॅड्समध्ये एक उणीव आहे, जीव नकोसा वाटतो का हे ती विचारत नाही, पीएचक्यू-९ चा शेवटचा प्रश्न तोच आहे. म्हणून हे तोंडी विचारायलाच हवं. आणि असं वाटत असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फोन करा.

भाषेचंही असतं. मूळ इंग्रजी प्रश्नात भीतीने पोटात फुलपाखरं उडतात का असं आहे, आमच्याकडे फुलपाखरं उडत नाहीत, गोळा येतो. म्हणून नुसतं भाषांतर करून चालत नाही, दुसऱ्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत करून अर्थ तोच राहिलाय का ते बघतात. शिवाय कधी विचारलं यावरही मार्क हलतात, गर्भ गर्भाशयात सोडल्यापासून प्रेग्नन्सी टेस्टपर्यंतचे ते पंधरा दिवस जीव टांगणीलाच असतो, तेव्हाचा आकडा आणि एरवीचा आकडा एका तराजूत घालू नये. आणि बाजूला सासू बसलेली असेल तर कोण खरं लिहिणार?

एक गोष्ट मात्र मला ओरडून सांगायचीये. "टेन्शन घेव नको, मगे दिवस रवतले" हे जे येताजाता प्रत्येकजण सांगतो ना, ते २०११ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॅकी बोइव्हिन आणि सहकाऱ्यांनी १४ अभ्यास आणि ३५८३ बायकांचे आकडे एकत्र करून तपासलं. ट्रीटमेंटच्या आधी ताण असलेल्या बायकांना ट्रीटमेंटच्या त्या फेरीत दिवस राहण्याचं प्रमाण कमी होतं असं काही निघालं नाही. म्हणजे मन मोजायचं ते तिला दोष द्यायला नाही, तिला त्रास होतोय म्हणून.

तिचे चिंतेचे १३ आले. भाऊजी चार महिन्यांत एक शब्द बोलले नव्हते, इंजेक्शनं आणायची, तिकिटं काढायची, बस. त्यांचा कागद वेगळ्या खोलीत भरून घेतला होता, त्यांचे १२. परतीच्या एसटीत कोल्हापूरपासून फोंड्यापर्यंत दोघं बोलत आले, असं ती सांगते.