सिग्नल आला, आता हात आवरा

प्रोग्राम थांबायचं नाव घेत नसला की आपण टर्मिनलवर कंट्रोल-सी दाबतो. तेव्हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्या प्रोग्रामला २ क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे एक छोटीशी सूचना, पाठवतो. तिचं नाव सिगइंट. त्याचं काय करायचं हे प्रोग्रामने आधी सांगून ठेवलं नसेल, तर तो तिथेच संपतो.

सी भाषेच्या १९८९च्या मानकात असे सहाच सिग्नल आहेत. युनिक्सच्या घराण्यात ते बरेच वाढतात. काही बाहेरून येतात, काही प्रोग्राम स्वतःच्या कर्माने ओढवून घेतो. आपल्या नसलेल्या मेमरीला हात लावला की सिगसेगव्ह. इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये पूर्णांकाला शून्याने भागलं की सिगएफपीई. यातला 'एफपी' म्हणजे फ्लोटिंग पॉइंट, म्हणजे दशांश चिन्हाच्या संख्या, आणि गंमत अशी की फ्लोटिंग पॉइंट संख्येला शून्याने भागलं तर सहसा काहीच होत नाही, मुकाट्याने 'अनंत' असं उत्तर मिळतं. नाव ठेवणाऱ्याला नावं ठेवावीत अशीच ही गोष्ट!

सिग्नल आल्यावर चालणारं फंक्शन म्हणजे हँडलर. ते लिहिणं दोन ओळींचं काम, पण ते कधी चालेल याचा नेम नसतो आणि खरी मेख तिथेच आहे. समजा, मॅलॉकने, म्हणजे सीमध्ये मेमरी मिळवून देणाऱ्या फंक्शनने, मोकळ्या मेमरीच्या यादीला कुलूप लावलंय, यादी अर्धी बदलून झालीय आणि नेमका सिगइंट आला. मॅलॉक जागीच थबकतं, हँडलर सुरू होतो. त्यातही तुम्ही मॅलॉक वापरलंत, तर ते कुलूप उघडायची वाट बघत बसणार. आणि कुलूप लावणारा हँडलर संपण्याची. प्रोग्राम कायमचा अडकला. मजकूर छापणारं साधं प्रिंटएफसुद्धा याच कारणाने हँडलरमध्ये नको.

म्हणून जाणकार हँडलरमध्ये फक्त एका व्हेरिएबलची किंमत १ करतात. मुख्य लूप दर फेरीला ते तपासतो आणि फायली नीट बंद करून बाहेर पडतो. व्हेरिएबलचा प्रकार सिग-अ‍ॅटॉमिक-टी, आणि त्याच्या आधी 'व्होलटाइल' हवंच, म्हणजे दर वेळी ते नव्याने वाच अशी कंपायलरला (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला) ताकीद. मी एकदा ते विसरलो. ऑप्टिमायझेशन, म्हणजे कंपायलरने कोड वेगवान करणं, बंद होतं तोवर सगळं सुरळीत. ते चालू केलं आणि कंपायलरने ठरवलं, या लूपमध्ये तर व्हेरिएबल कुणी बदलत नाही, मग पुन्हा पुन्हा वाचायचं कशाला? कंट्रोल-सी दाबून बोटं दुखली, प्रोग्राम ढिम्म. शेवटी दुसऱ्या टर्मिनलवरून ९ क्रमांकाचा सिगकिल सोडला. त्याला हँडलर लावताच येत नाही.