पालकीय देखरेख, स्मार्टफोनवरील

मुलाने स्मार्टफोन किती वेळ वापरावा, त्यात कोणती ॲप असावीत आणि मूल या क्षणी कुठे आहे, यावर पालकांनी फोनमधल्याच सोयी वापरून लक्ष ठेवण्याची पद्धत. बोलण्यात तिला सरसकट ‘पॅरेंटल कंट्रोल’ म्हणतात. वापरावर मर्यादा घालणे आणि माग ठेवणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मर्यादा मुलाला उघड दिसते. माग त्याच्या नकळतही ठेवता येतो, आणि खरा प्रश्न तिथेच आहे.

दिवाणखान्यात एकच फोन होता तेव्हा कोण कोणाशी किती वेळ बोलते हे घरभर ऐकू येई. वेगळी देखरेख लागत नसे. २०२० च्या टाळेबंदीत शाळाच फोनवर आली आणि एरवी दहावीनंतर फोन देणाऱ्या घरांतही तो तिसरी-चौथीच्या मुलांच्या हाती गेला.

गुगलने २०१७ मध्ये ‘फॅमिली लिंक’ आणि ॲपलने २०१८ मध्ये ‘स्क्रीन टाइम’ ही सोय आणली. मुलाचे खाते पालकांच्या खात्याशी जोडले की रोजच्या वापराचे तास ठरवता येतात, रात्री फोन आपोआप बंद करता येतो आणि नवे ॲप घेण्याआधी मुलाची विनंती पालकांच्या फोनवर येते. मुले यातूनही वाट काढतात: फोनचे घड्याळ बदलतात, दुसरे खाते उघडतात, नाहीतर सरळ मित्राचा फोन घेतात.

ठावठिकाणा कळतो तो जीपीएसमुळे. त्यासाठी किमान ४ उपग्रहांचे संकेत लागतात. इमारतीच्या आत ते क्षीण होतात. मग फोन वाय-फाय आणि मोबाइल टॉवरच्या आधारे जागेचा अंदाज बांधतो. म्हणून क्लासमध्ये बसलेले मूल नकाशावर शेजारच्या गल्लीत दिसू शकते. बॅटरी संपली तर दिसते ती शेवटची नोंदलेली जागा. नकाशावरचा ठिपका फोनचा असतो, मुलाचा नव्हे. घाबरलेल्या पालकाने हे आधी आठवावे.

मुलाला न सांगता त्याचे संदेश वाचणारी, संभाषण ऐकणारी ॲपही मिळतात. ती देखरेख नव्हे, हेरगिरी आहे. जर्मनीच्या दूरसंचार नियामकाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दुरून आवाज ऐकू देणाऱ्या मुलांच्या मनगटी घड्याळांवर बंदी घातली. वर्गात शिक्षक काय बोलतात हेही काही पालक त्यांतून ऐकत होते.

भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १६ व्या कलमात मुलाचे खासगीपण मान्य केलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०२१ मध्ये स्पष्ट केले की डिजिटल देखरेख गरजेपुरती आणि मुलाच्या वाढत्या समजेला धरून असावी. मुले वापरतात अशा ऑनलाइन सेवांसाठी ब्रिटनमध्ये असलेल्या आचारसंहितेनुसार पालक लक्ष ठेवत असतील, तर मुलाला तशी ठळक खूण दिसली पाहिजे. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवण्यास कंपन्यांना मनाई करतो. भंग झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ च्या नियमांत मुलाच्या सुरक्षिततेसाठी त्याचे ठिकाण पाहण्यापुरती सूट आहे. घरगुती कामासाठी एखाद्या व्यक्तीने केलेल्या माहितीच्या वापराला हा कायदा लागू नाही. त्यामुळे आईवडिलांनी कुठे थांबायचे, हे तो सांगत नाही. आठ वर्षांच्या मुलाचा फोन हाती घेऊन पाहणे आणि सोळा वर्षांच्या मुलीचे संदेश चोरून वाचणे, ही एकाच तागडीत तोलण्यासारखी कृत्ये नाहीत.

महाराष्ट्रात काही गावांनी हा प्रश्न सामूहिकपणे हाताळला. यवतमाळ जिल्ह्यातील बांशी ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये १८ वर्षांखालील मुलांना मोबाइलबंदी केली. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथील प्रयोग अधिक शहाणपणाचा वाटतो. तिथे ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता मंदिरावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत घरोघरी मोबाइल व टीव्ही बंद ठेवण्याचे ठरले. सुरुवातीला आशा सेविका, अंगणवाडी सेविका आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून लोकांना समजावत. मुलांनी त्या वेळात अभ्यासाला बसायचे होते, आणि मोठ्यांनीही आपापला फोन बाजूला ठेवायचा होता.