न मारता धार काढायची : समुद्री प्राण्यांच्या रसायनांमागचा इतिहास

पॉल फ्रिडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली प्राचीन जांभळ्या राजरंगाचं रसायन ओळखलं. त्यासाठी १२,००० म्युरेक्स शंख फोडावे लागले आणि हाती आला १.४ ग्रॅम रंग. मेक्सिकोत ओआहाकाच्या किनाऱ्यावरचे मिश्तेक या मूलनिवासी समाजाचे रंगारी मात्र त्याच जातकुळीचा रंग एकही शंख न फोडता काढत आले आहेत. ओहोटीला खडकावरून शंख सैल करायचा आणि त्याच्या मांसल पायावर दाब द्यायचा. आधी पाणी सुटतं, ते जाऊ द्यायचं. मागोमाग येणारा दुधासारखा पांढरा स्राव थेट ओल्या सुती लडीवर घ्यायचा. ऊन-वारा लागला की लडी पिवळी, मग हिरवी आणि शेवटी जांभळी होते. शंख परत ठेवायचा तो सावलीतल्या ओल्या कपारीत. उन्हातल्या कोरड्या खडकावर ठेवला तर पायाची पकड बसण्याआधीच तो सुकतो, नाहीतर लाट त्याला घेऊन जाते. त्याच शंखाला पुन्हा हात लावायचा तो चांद्रमास उलटल्यावर. १९८०च्या दशकात व्यापारी मागणीपायी हा नेम मोडला गेला, शंख मेले आणि १९८८ मध्ये मेक्सिको सरकारला त्यांना संरक्षण द्यावं लागलं.

धार काढण्याची ही रीत डोळ्यांसमोर असूनही औषधशास्त्राने वाट धरली ती फ्रिडलेंडरचीच. रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज पेटिट यांच्या गटाने १९८२ मध्ये ब्रायोस्टॅटिन-१ या कर्करोगविरोधी द्रव्याची रचना सांगितली. हे द्रव्य बुगुला नेरिटिना या शेवाळासारख्या दिसणाऱ्या प्राण्यात सापडतं. चाचण्यांपुरता साठा करायला कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरून सुमारे १३ टन बुगुला गोळा केला गेला. त्यातून निघालं १८ ग्रॅम. जपानमध्ये ६०० किलो स्पंज या समुद्रतळाला चिकटून राहणाऱ्या प्राण्यातून हॅलिकॉन्ड्रिन-बी हे आणखी एक कर्करोगविरोधी द्रव्य मिळालं अवघं १२.५ मिलिग्रॅम. न्यूझीलंडच्या कायकोउरापाशी खोल पाण्यात राहणारा लिसोडेंडोरिक्स स्पंज त्या मानाने उदार निघाला, टनाला साधारण ३०० मिलिग्रॅम. पण तिथला त्याचा सगळा साठाच ३०० टनांच्या आत असल्याचा अंदाज होता. म्हणजे नुसते १० ग्रॅम हवे असतील तरी साठ्याचा नववा हिस्सा खरवडून काढायचा.

छाटणीचा विचार त्याआधी झाला होता. कॅरिबियनमधल्या प्लेक्सॉरा होमोमॅला या मऊ प्रवाळात १९६९ मध्ये प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे संप्रेरकांसारखी काम करणारी औषधी द्रव्यं, भरपूर सापडली. बुंधा ठेवून फांद्या कापायच्या आणि वाढू द्यायच्या, असा बेत होता. प्रवाळ वाढतो धिम्या गतीने. त्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी प्रोस्टाग्लँडिनं प्रयोगशाळेत बनवून दाखवली आणि पुढे छाटणीची निकड संपली.

मग शेती आली. स्पंजाची शेती लावायला सोपी दिसते. पाण्याखालीच धारदार पात्याने काही सेंटिमीटरचे तुकडे करायचे, प्रत्येकाला मूळची थोडी त्वचा राहील असं बघायचं आणि ते दोरीवर किंवा जाळीच्या पिशवीत टांगायचे. तुकडा पाण्याबाहेर काढला की त्याच्या नळ्यांत हवा अडकते आणि आतून कुज धरते. पात्याला धार नसेल तर जखम चेंगरते आणि नीट भरून येत नाही. जाळीवर शेवाळ चढलं की प्रवाह अडतो, आणि स्पंजाचं अन्न त्या प्रवाहातूनच येतं. कायकोउराचा स्पंज त्याच्या मूळ खोलीपेक्षा उथळ पाण्यात दोरीवर वाढला आणि हॅलिकॉन्ड्रिनंही करत राहिला. प्रत्येक प्राण्याबाबत हे गृहीत धरता येत नाही. पुष्कळदा द्रव्य प्राणी बनवतच नाही, त्याच्या अंगातले जिवाणू बनवतात. ब्रायोस्टॅटिनच्या बाबतीत तसंच आहे, त्यामुळे दुसऱ्या किनाऱ्यावरचा हुबेहूब दिसणारा बुगुला रिकामा निघू शकतो.

खरी धार काढणं जमलं ते माशांची शिकार करणाऱ्या विषारी कोन शंखाच्या बाबतीत. छोट्या प्लास्टिक नळीच्या तोंडावर रबराचा पातळ पडदा ताणून बसवायचा आणि त्यावर माशाच्या शेपटीचा तुकडा ठेवायचा. वासाने शंख सोंड पुढे करतो, शेपटीला टेकताच पडद्यातून भाल्यासारखा पोकळ दात खुपसतो आणि विष नळीत उतरतं. ते भरतं काही मायक्रोलिटर. लगेच शंखाला खरा मासा द्यायचा. उपाशी ठेवून फसवत राहिलं तर तो पुढे प्रतिसाद देत नाही. हात मात्र सोंडेच्या टप्प्यात न्यायचा नाही. कोनस जिओग्राफस या जातीच्या दंशाने माणसं दगावली आहेत.

स्पंजाला सोंड नाही की ग्रंथी नाही. तरी भूमध्य समुद्रातला खडकावर पसरणारा नारिंगी-लाल क्रॅम्बे क्रॅम्बे आपली विषारी द्रव्यं गोल पेशींत साठवतो आणि त्या पेशी पाण्यात सोडतो. २०१६ मध्ये ही प्रक्रिया प्रसिद्ध झाली आणि जिवंत स्पंजाची धार काढण्याला आधार मिळाला. अडचण द्रव्याच्या विरळपणाची आहे. द्रव्य टाकीभर समुद्राच्या पाण्यात पसरतं, म्हणून ते पाणी शोषक राळेच्या थरातून न्यायचं, मीठ धुऊन टाकायचं आणि मग राळेतून द्रव्य सोडवायचं. स्पंजाला जादा डिवचलं तर तो पाणी बाहेर टाकणारी छिद्रं मिटून घेतो. छिद्रं मिटलेलीच राहिली तर थांबावं. मरणाऱ्या स्पंजातून झिरपणारा अर्क म्हणजे धार नव्हे.

बाजारात आजवर जिंकली ती मुख्यतः कारखान्याची भट्टीच. कोन शंखाच्या विषातलं २५ अमिनो आम्लांचं झिकोनोटाइड हे वेदनाशामक २००४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, ते कारखान्यात जुळवलेलं. हॅलिकॉन्ड्रिनवरून बेतलेलं एरिब्युलिन हे कर्करोगावरचं औषध २०१० मध्ये आलं, तेही पूर्ण संश्लेषणाने. ट्रॅबेक्टेडिन या कर्करोगावरच्याच औषधासाठी टनभर समुद्रफवारे (खडकांना चिकटून राहणारे पिशवीसारखे प्राणी) पिळून ग्रॅमभर द्रव्य मिळायचं. त्यांची शेतीही करून झाली, शेवटी जिवाणूंच्या किण्वनातून आलेल्या सायनोसॅफ्रासिन-बी पासून ते बनवायचं ठरलं. आमच्या मते धार काढण्याची जागा त्याच्या आधीच्या टप्प्यात आहे. रेणूची रचना आणि गुण तपासायला काही मिलिग्रॅम लागतात, आणि तेवढ्यासाठी वसाहत खरवडायची गरज नसते.

भारतात २००१ मध्ये सगळे समुद्रपंखे, म्हणजे प्लेक्सॉराच्या जातकुळीतले प्रवाळ, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. त्यांची फांदी छाटायची तरी आधी परवानगी लागते.